पीक (एकच लिहा)

नमुना खरं तर उन्हाळ्यात घ्यायचा,
रान मोकळं असताना.
आदेश आला श्रावण सरता सरता.
म्हणून टोकावड्याला एसटीतून उतरून मी वर चढले
खुरपं, घमेलं, अठरा कापडी पिशव्या
आणि अर्जांचा एक गठ्ठा घेऊन,
ज्यात पिकासमोर एकच चौकोन होता.

उतारावर नाचणी, गुडघ्याच्या वर गेलेली.
दर चार ओळींनंतर उडीद
जमिनीला धरून पसरलेला,
टोपलीतली भाकरी कुणी पदराने झाकावी
तशी पानांखाली माती झाकून.
आणि बांधाच्या अंगाने तूर.
तिला अजून घाई नव्हती.

"कुठली माती नेतेस?" चांगुणाबाई मेंगाळ म्हणाली,
"नाचणीच्या पायातली का उडदाच्या?"
मी म्हटलं, मधली.
"मधली कुणाचीच नसते. ने मग."

नियमाप्रमाणे नागमोडी चालत
आठ ठिकाणी वीतभर खणलं.
घमेल्यात ढीग केला, त्याचे चार भाग,
समोरासमोरचे दोन टाकून दिले,
पुन्हा चार, पुन्हा दोन,
अर्धा किलो उरेपर्यंत.
ती दगडावर बसून बघत होती.
"आमच्या वाटणीलाबी असंच केलं," म्हणाली.

दोघे भाऊ. जमीन आडवी कापली,
वरची हिच्या नवऱ्याला, खालची थोरल्याला.
भांडण एवढं की बीसुद्धा वाटलं गेलं :
नाचणीची कणगी इकडे, उडदाचं मडकं तिकडे.
पहिल्या वर्षी काही कळलं नाही.
दुसऱ्या वर्षी वर नाचणी पिवळी पडली,
कणसं बोटाच्या पेराएवढी,
आणि उघड्या ओळींमधली माती ओढा घेऊन गेला.
खाली उडीद माजला नुसता,
पाला ढीगभर, शेंग नाही.
तिसऱ्या वर्षी रोहिणीत
थोरली जाऊ बारकी आली,
ओट्यावर पायलीभर उडीद ठेवला,
पाणीसुद्धा न पिता गेली.
हिने त्याच पायलीत नाचणी भरून
पोरीच्या हाती परत पाठवली.

"मग बोलणं झालं?"
"बोलणं अजून नाय. पेरा झाला."

मग तिने उडदाचं एक रोप उपटलं,
माती झटकली, माझ्यापुढे धरलं.
मुळांवर मोहरीएवढ्या गाठी.
एक नखाने फोडली. आत लाल.
"पांढरी निघाली तर नुसतं खातंय.
लाल निघाली तर कामाला लागलंय."
मला हे पाठ होतं, जिवाणू, नत्र,
आकृतीसह पाच गुणांना.
मी कधी फोडून पाहिली नव्हती.

"आणि शेजारणीला देतं?" मी विचारलं.
"उभ्याने थोडंच. देतं ते मागाहून, कुजल्यावर.
म्हणून उडीद उपटायचा नाय, विळ्याने कापायचा.
मूळ आत राहू द्यायचं.
हे आज तुझ्यापायी उपटलं."
आणि ते रोप तिने परत भोकात खोचलं,
टाचेने दाबलं,
जसं काही ते जगणारच होतं.

चौकोन लहान होता. मी अक्षर बारीक केलं :
नाचणी उडीद तूर.
खातेदाराचा रकाना त्याहून लहान.
तिथे आधी चांगुणा लिहिलं,
मग तिने बोटाने जागा दाखवली, तिथे बारकी.
नवऱ्यांची नावं दोघींनाही आठवली नाहीत,
किंवा मी विचारायला विसरले.

ठाण्याच्या कार्यालयात अर्ज परत येईल, हे ठाऊक आहे.
मुकादम मॅडम लाल पेनाने गोल करतील,
विचारतील, नक्की काय ते ठरव.

परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर होती,
ओलसर, झोपलेल्या मांजराएवढी जड.
नमुन्यातून खडे, काडीकचरा, मुळं
वेचून टाकावीत, असा नियम आहे.
खडे मी वेचले.
एक बारीक मूळ राहू दिलं.
सेंद्रिय कर्बाचा आकडा
कुठेतरी शतांशाने चढेल.

चढू दे.